जुना ट्रक सुरू होत नाही? पंपाला हात लावण्याआधी एवढं बघा

हा लेख यांत्रिक इंजेक्शन पंपाच्या (सिलिंडरकडे दाबाने डिझेल पाठवणारा पंप) जुन्या डिझेल गाड्यांसाठी आहे. म्हणजे टाटा १२१०, १६१३ अशा गाड्यांतलं सहा सिलिंडरचं ६९७ इंजिन, जुन्या ४०७ मधलं चार सिलिंडरचं ४९७, आणि इनलाइन मायको पंपावर चालणारी त्यांची भावंडं. कॉमन रेलच्या (सगळ्या नोझलना एकाच सामाईक पाइपातून डिझेल देणाऱ्या) नव्या गाडीला यातलं बॅटरी आणि सेल्फपुरतंच (सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर) लागू पडतं. तिथे हाय प्रेशर पाइप सैल करायला चुकूनही जाऊ नका. त्या पाइपात हजार बारच्या वर दाब असतो आणि ती धार कातडीत घुसते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबल्याने हवा तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. त्यामुळे इंजिन सुरू व्हायला तीनच गोष्टी लागतात: पुरेशा वेगाने फिरणं, वेळेवर डिझेलचा फवारा आणि सिलिंडरमध्ये दाब. यातलं काय कमी पडतंय हे कळल्याशिवाय पाना हातात घेऊ नका. गाडी सुरू होत नाही म्हटलं की आधी पंप उतरवायचा आणि मग कळायचं की टाकीतला पाइप चिरलाय, असं फार वेळा घडतं. पंप उतरवला की टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) गेलं, कॅलिब्रेशनचा (पंप मोजून जुळवण्याचा) खर्च आला, दोन दिवस गाडी उभी राहिली.

आधी सायलेन्सरकडे बघा

गिअर न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा आणि चाकाखाली दगड किंवा लाकडी ठोकळा लावा. एकाला केबिनमध्ये बसवा, दुसऱ्याने सायलेन्सरच्या तोंडापाशी थांबायचं. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि पुढच्या वेळेआधी मिनिटभर थांबा. सलग सेल्फ मारत राहिलं तर आर्मेचर (सेल्फचा आत फिरणारा भाग) जळतं आणि एका बिघाडाचे दोन होतात.

इंजिन फिरतच नाही किंवा रडतखडत फिरतं, तर भानगड बॅटरी, वायरी नाहीतर सेल्फची. झकास फिरतं पण सायलेन्सरमधून जराही धूर नाही, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरा धूर येतो आणि डोळ्यांना झोंबतो, कच्च्या डिझेलचा वास येतो, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. काळा धूर येतो, तर हवेची वाट अडली आहे. पुढचं सगळं काम या चारांपैकी काय दिसलं त्यावर ठरतं.

सेल्फ फिरत नाही किंवा हळू फिरतो

हेडलाइट लावा आणि मग सेल्फ मारा. लाइट एकदम मंद झाले किंवा विझले तर बॅटरी उतरली आहे, नाहीतर कुठेतरी जोड सैल आहे. लाइट तसेच लख्ख राहिले आणि काहीच आवाज नाही, तर सेल्फच्या सोलेनॉइडला करंटच जात नाही. मग किल्लीचा स्विच, रिले, बारीक वायर बघायची. फक्त 'टक्' असा एकच आवाज आला तर सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट जळालेत किंवा कार्बन ब्रश संपलेत. सेल्फ गर्रकन फिरतो पण इंजिन जागचं हलत नाही, तर बेंडिक्सचं पिनियन (सेल्फच्या टोकाचं छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या रिंगला पकडत नाही.

बॅटरी मल्टिमीटरने तपासा. गाडी काही तास उभी असताना १२ व्होल्टची भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी उतरली, १२ च्या खाली असेल तर चार्जिंगला लावा. पण उभ्या बॅटरीच्या आकड्यावर जाऊ नका. सेल्फ मारतानाचा व्होल्टेज बघा. तो ९.६ च्या खाली गेला तर बॅटरीत दम नाही. मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट केलेले असतात, तिथे दोन्ही वेगवेगळ्या मोजा. टेप, मोबाइलचं चार्जर, देवाजवळचे दिवे अशा १२ व्होल्टच्या वस्तू एकाच बॅटरीवरून घेतलेल्या असतात. ती बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि आधी मरते. मग दोन्ही बदलाव्या लागतात, कारण नव्या-जुन्याची जोडी जमत नाही.

दुसऱ्या गाडीवरून करंट घेताना २४ ला २४ आणि १२ ला १२ च. ४०७ ही १२ व्होल्टची गाडी आहे. तिला मोठ्या ट्रकच्या दोन्ही बॅटऱ्या जोडल्या तर दिवे आणि वायरिंग फुकट जातं.

बॅटरी ठीक आहे आणि तरी सेल्फ रडतोय, तर नव्वद टक्के संशय टर्मिनलवर आणि अर्थिंगवर. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर चढली असेल तर गरम पाणी टाका, पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, घट्ट आवळा आणि मग वरून ग्रीस लावा. आधी ग्रीस लावून वर टर्मिनल बसवू नका. काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना निगेटिव्ह शेवटी. म्हणजे पाना बॉडीला लागला तरी भडका होत नाही.

वायरींचा खरा तपास असा होतो. मल्टिमीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसच्या खुंटीवर ठेवा, काळी पिन सेल्फच्या जाड वायरीच्या बोल्टवर, आणि सेल्फ मारायला सांगा. मीटर जेवढं दाखवेल तेवढे व्होल्ट वायरीतच वाया जातात. १२ व्होल्टच्या गाडीत अर्ध्या व्होल्टच्या आत आणि २४ च्या गाडीत एका व्होल्टच्या आत हवं. त्याहून जास्त दाखवलं तर मधला कुठलातरी जोड खराब आहे. तो हाताला गरम लागतो. मग बॅटरीच्या मायनसच्या खुंटीपासून थेट इंजिनच्या ब्लॉकपर्यंत असंच मोजा. क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम झाल्यावर इंजिन आणि चॅसिस यांच्यामधली अर्थिंगची पट्टी परत लावायची राहून जाते. मग सेल्फचा करंट स्टॉप केबलमधून किंवा ॲक्सिलरेटरच्या दांड्यांमधून परतीची वाट शोधतो. सेल्फ मारल्यावर केबलला चटका बसत असेल, धूर येत असेल, तर दुसरीकडे बघायची गरज नाही.

एवढं करूनही सेल्फ मंदच असेल तर तो उतरवून सेल्फ-डायनॅमोवाल्याकडे न्या. ब्रश, बुश आणि सोलेनॉइड तिथे एकाच वेळी बघून घ्या. बुश झिजले की आर्मेचर फील्डला घासतं आणि नवी बॅटरीही दोन दिवसांत बसते.

फिरतं, पण धूर नाही

रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांत सगळ्यात जास्त वेळा हेच असतं आणि बहुतेकदा ते हातानेच सुटतं.

पहिलं काम फुकटचं आहे. पंपावरचा स्टॉप लिव्हर बघा. जुन्या गाड्यांत इंजिन बंद करायला डॅशवरची दांडी ओढतात. केबल गंजली की दांडी आत ढकलली तरी पंपावरचा लिव्हर 'बंद'कडेच अडकून राहतो. हाताने लिव्हर 'चालू'कडे आणा आणि सेल्फ मारा. काही गाड्यांत एक्झॉस्ट ब्रेकचा (सायलेन्सरची वाट अडवून वेग कमी करणारा ब्रेक) छोटा एअर सिलिंडरही याच लिव्हरला ढकलतो. तो परत आलाय ना, तेही बघा. केबलऐवजी सोलेनॉइड बसवलेला असेल तर किल्ली फिरवताना त्याचा खटका ऐकू आला पाहिजे.

मग टाकी. काट्यावर विश्वास ठेवू नका, काठी बुडवून बघा. झाकणाची हवेची बारीक भोकं चिखलाने बुजली असतील तर टाकीत व्हॅक्यूम होतो आणि डिझेल येईनासं होतं. झाकण उघडताना 'सुस्स' आवाज आला तर तेच.

आता फीड पंपावरचा (टाकीतून डिझेल ओढून इंजेक्शन पंपाला देणारा छोटा पंप) हातपंप सोडवून मारा. चांगल्या लाइनीत काही झटक्यांतच हाताला जड लागायला हवं. मारत राहिलं तरी पोकळच लागतंय, तर लाइनीत हवा आहे, किंवा डिझेल मागून येतच नाही.

*हवा काढायची कशी*

१. पहिल्या डिझेल फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीडर स्क्रू दीड-दोन फेरे सैल करा. खाली फडकं धरा. हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. हात थांबवून आवळलं तर थोडी हवा परत आत जाते.

२. दुसरा फिल्टर असेल तर तिथेही तेच.

३. इंजेक्शन पंपाच्या बाजूला गॅलरीचा (पंपातली डिझेलची वाट) ब्लीडर असतो, तिथेही तेच. इथे घाई नको. चार-पाच बुडबुडे राहिले तरी इंजिन दोन मिनिटं चालून पुन्हा बंद पडतं.

४. हातपंपाची मूठ खाली दाबून फिरवून घट्ट बसवा. ती सैल राहिली तर त्याच वाटेने पुन्हा हवा घेते.

५. नोझलकडचे (नोझल म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) पाइपांचे नट, निदान दोन-तीन, अर्धा फेरा सैल करा. ॲक्सिलरेटर दाबून सेल्फ मारायला सांगा. नटापाशी डिझेल उसळून आलं की आवळा. इथे हाताने चाचपू नका, चेहरा जवळ नेऊ नका. सगळे नट आवळण्याआधीच इंजिन एक-दोन सिलिंडरवर उचलतं, तेव्हा तयार राहा.

हवा काढली, गाडी चालली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तेच रडगाणं. मग हवा शिरते कुठून ते शोधायला लागेल. नवख्यांचा गोंधळ इथेच होतो. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. त्या भागात फट असेल तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. फडक्याने पुसून गळती शोधत बसलात तर काहीच दिसणार नाही.

यावर उपाय म्हणजे डबा लावणं. फीड पंपाचा आत येणारा पाइप सोडा, त्या जागी पारदर्शक नळी जोडा आणि नळीचं टोक स्वच्छ डिझेलच्या पाच लिटरच्या डब्यात बुडवा. हवा काढून इंजिन चालू करा. डब्यावर तासभर नीट चाललं, तर पंप आणि फिल्टर निर्दोष, दोष मागच्या लाइनीत किंवा टाकीत. नळीत तरीही बुडबुडे दिसले, तर फीड पंपाकडचा जोड किंवा वॉशर खराब.

मागच्या लाइनीत बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. टाकीच्या आत उतरणारा सक्शन पाइप गंजून वरच्या बाजूला चिरतो. टाकी भरलेली असली की गाडी छान चालते आणि अर्धी झाली की बंद पडते, हे त्याचं लक्षण. रबरी होज आतून सुजतो किंवा क्लिपाखाली फाटतो. बँजो बोल्टचे (ज्याच्या पोकळीतून डिझेल जातं तो पाइप जोडणारा बोल्ट) तांब्याचे वॉशर पुन्हा पुन्हा आवळून कडक होतात. नवे मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर जुना वॉशर लाल होईपर्यंत तापवा, पाण्यात टाका आणि काजळी पुसून बसवा. तांबं असं केल्याने मऊ पडतं आणि पुन्हा बसतं. टेफ्लॉन टेप मात्र इथे नको. तिचे धागे तुटून फीड पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतात.

फीड पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी असते. फिल्टर बदलणाऱ्यांपैकी निम्म्यांना ती माहीत नसते. ती काढून डिझेलने धुवा. फिल्टर बदलताना रबरी रिंग नवी टाका आणि जुनी वर चिकटून राहिली नाही ना ते बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या की हवा घेतलीच म्हणून समजा.

पावसाळ्यात डिझेलमध्ये पाणी हा वेगळा त्रास. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड होते, आतल्या हवेतली वाफ पाणी होऊन तळाशी बसते. शिवाय झाकणाचं रबर गेलेलं असलं तर पाऊस थेट आत. फिल्टरच्या तळाचा बोल्ट सोडून काचेच्या बाटलीत पाव लिटर काढा आणि पंधरा मिनिटं ठेवा. पाणी खाली, डिझेल वर, मध्ये स्पष्ट रेघ दिसते. पाणी निघालं तर टाकीचा तळाचा प्लग सोडून आधी ती साफ करा, मग दोन्ही फिल्टर बदला. उलट क्रमाने केलं तर नवे फिल्टर वाया.

गॅलरीच्या ब्लीडरला सलग धार येते, पण नोझलकडच्या नटांवर काहीच नाही. एवढी खात्री झाली तरच संशय पंपाच्या आत न्यायचा. महिनोन् महिने उभ्या गाडीत कंट्रोल रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पंपातली दांडी) डिंकासारख्या थराने चिकटून बसतो. पंपाच्या बाजूला झाकणाची पट्टी असेल तर ती उघडून रॅक हाताने सरकतो का बघा. डिझेल सोडून हलक्या हाताने हलवला की कित्येकदा सुटतो. हातोडी मात्र नको. सुटला नाही तर पंप पंपवाल्याकडेच.

पांढरा धूर येतो, पण इंजिन उचलत नाही

डिझेल जातंय, पेटत नाही. म्हणजे हवा पुरेशी तापत नाही. यातही आधी सेल्फचा वेग बघा. उतरलेल्या बॅटरीवर इंजिन हळू फिरतं, हवा दाबली जाण्याआधी रिंगांवरून निसटते आणि उष्णता भिंतींत मुरते. थंडीच्या लाटेत निफाडला पारा पाच अंशांच्या खाली जातो, तेव्हा पहाटे सुरू न होणाऱ्या कितीतरी गाड्या चार्ज केलेल्या बॅटरीवर पहिल्या झटक्यात उचलतात. कांदा घेऊन उत्तरेच्या डोंगरात जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. आपल्याकडचं डिझेल तिथल्या थंडीत मेणासारखं गोठून फिल्टर बंद करतं. वर चढण्याआधी टाकी तिकडच्याच पंपावर भरा.

६९७ आणि ४९७ मध्ये डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या ओएम ६१६ सारख्या प्रीचेंबर इंजिनाला मात्र हीटर प्लगशिवाय थंडीत जागच येत नाही. तिथे प्रत्येक प्लगची जोडपट्टी सोडून टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी प्लगच्या टोकाला लावा. दिवा पेटला नाही तो प्लग मेला.

त्यानंतर नोझल. नोझल फवारा न करता धार सोडत असेल किंवा टिपकत असेल तर पांढरा धूर येणारच. सगळे नोझल काढून टेस्टिंगला द्या. या इंजिनांत ते साधारण २०० बारच्या आसपास उघडतात. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या आणि सगळे सारखे लावून घ्या. परत बसवताना तळाचा तांब्याचा वॉशर नवाच टाका.

नोझल बाहेर असतानाच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघून घ्या. डिझेलचा वेगळा गेज लागतो, पेट्रोलचा फुटेल. एकच आकडा बघू नका. सहाही सिलिंडर एकमेकांशी ताडून बघा. सगळे सारखे असून जरा कमी असतील तर इंजिन थकलंय, पण सुरू होईल. शेजारशेजारचे दोन एकदम पडले असतील तर हेड गॅस्केट. एखादाच पडला असेल तर त्यात दहा मिलिलिटर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा घट्ट झालेलं टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग). ऑइल याहून जास्त टाकायचं नाही. ६९७ चा एक सिलिंडर जेमतेम ९४६ सीसीचा. कॉम्प्रेशन सतरास एक धरलं तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा ६० सीसीसुद्धा नाही. म्हणजे एका कटिंग चहाएवढं पाणी आत असलं तरी कनेक्टिंग रॉड वाकायला पुरतं.

पंप नुकताच उतरवून बसवलेला असेल तर बाकी काही बघण्याआधी टायमिंग बघा. पंपाच्या फ्लँजवरची आणि इंजिनवरची खूण जुळायला हवी. एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाऐवजी एक्झॉस्टच्या टोकावर धरला तर क्रँकच्या हिशोबाने पूर्ण एक फेरा, म्हणजे पंपाचा अर्धा फेरा चुकतो. हे ओळखायला टॅपेट कव्हर उघडा. एक नंबरचे दोन्ही टॅपेट सैल असले पाहिजेत. सहा सिलिंडरला पाइपांचा क्रम १-५-३-६-२-४, चारला १-३-४-२.

काळ्या धुराचं काम थोडक्यात आटपतं: एअर फिल्टर काढून सेल्फ मारून बघा. ऑइल बाथचा फिल्टर असेल तर त्यात खुणेच्या वर ऑइल भरलेलं नको. होज आतून चेपलेला नको. एक्झॉस्ट ब्रेकचा पडदा गंजून मिटलेला असेल तर इंजिनाचा श्वासच कोंडतो, त्याचा लिव्हर हाताने हलवून बघा. उभ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये आणि फिल्टरच्या डब्यात उंदरांची बिऱ्हाडंही सापडतात.

पाण्यात बुडालेली गाडी

२०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूरजवळ महामार्गावर पाणी चढलं. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या ट्रकला पाणी ओसरल्या ओसरल्या सेल्फ मारणं किंवा धक्का देणं म्हणजे इंजिन स्वतःच्या हाताने मोडणं. आधी ऑइलचा गेज ओढा. पातळी चढलेली किंवा ऑइल दुधाळ झालेलं असेल तर आत पाणी आहे. बॅटरीचं निगेटिव्ह काढा, सगळे नोझल काढा आणि क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हाताने इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवा. पाणी नोझलच्या भोकांतून उडेल, चेहरा लांब ठेवा. पाणी येणं थांबलं की प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून पुन्हा फिरवा. चेंबरचं (इंजिनाच्या तळाचं) ऑइल आणि फिल्टर बदला, डिझेलची टाकी रिकामी करून धुवा, एअर फिल्टर नवा घाला, मगच नोझल बसवून हवा काढा आणि सेल्फ मारा. सुरू झाल्यावर अर्धा तास रिकामी चालवून ऑइल पुन्हा बदला. पहिलं ऑइल बहुतेक पांढुरकं होऊनच निघतं.

हे करू नका

एअर फिल्टरच्या तोंडाशी पेट्रोलचं फडकं धरणं आणि इथरचा स्प्रे मारणं हे ढाब्यावरचे लाडके उपाय. पेट्रोल आणि इथर पिस्टन वर येण्याआधीच भडकतात, उलटा दणका बसतो, रिंगा तुटतात. हीटर असलेल्या इंजिनात तर मॅनिफोल्डमध्येच स्फोट होतो. धक्का मारून सुरू करायचं असेल तर आधी एअर टाकीचा काटा बघा. इंजिन बंद असताना एअर भरलेली नसेल तर एअर ब्रेकचा ट्रक उतारावर सोडणं जिवावर बेततं. आणि इंजिन सुरू झालं की पहिल्या दहा सेकंदांत ऑइल प्रेशरचा काटा उचलला नाही तर लगेच बंद करा, मग भले तासाभराच्या खटपटीनंतर सुरू झालेलं असो.